डाव्या कोपऱ्यातला खांदा

हॅरो क्रीक गावात आपला फोटो पेपरात येणार असं कळलं, की माणूस आधी हरखायचा आणि मग धास्तावून विचारायचा, "माझ्यापुढे काय आहे?" कारण फोटो पेपरचा फोटोवाला ओरेस्ट डॅनिल्युक याने काढलेला असणार, आणि ओरेस्टच्या फोटोत माणसापुढे काहीतरी असायचंच. हॉकीची पोरं जिंकली, तर ती गोलच्या जाळीतून दिसायची. अग्निशामक दलाला नवी गाडी मिळाली, तर पुढे पाइपाचं भलंमोठं वेटोळं आणि त्या वेटोळ्याच्या भोकातून मागे कुठेतरी गाडी. नगराध्यक्ष लाइल ब्योर्नसन यांनी वाचनालयाची फीत कापली, तेव्हा तर पुढे बँडवाल्याच्या भोंग्याचं रुंद पितळी तोंड होतं. त्या पितळेत अख्खं गाव वाकडंतिकडं उमटलं होतं, आणि लाइल भोंग्याच्या काठावरून नाकापासून वर तेवढे दिसत होते.

"माझ्या कारकिर्दीतला सगळ्यात मोठा दिवस," लाइल भेटेल त्याला सांगायचे, "आणि मी नाकापासून वर!"

ओरेस्टचं म्हणणं अगदी साधं होतं. समोर नुसती माणसं उभी केली, की ती कॅलेंडरावर छापल्यासारखी दिसतात. तेच जवळ काहीतरी असलं, कुंपणाची तार, कुणाची पाठ, कॉफीची किटली, की बघणाऱ्याला वाटतं, आपण तिथेच उभे आहोत आणि त्याच्या आडून बघतोय. फोटोला खोली येते. हे तत्त्वज्ञान तो रोज सकाळी हॉटेलात म्हाताऱ्या शेतकऱ्यांच्या टेबलावर बसून सांगायचा, आणि ते म्हातारे कॉफी फुर्र करत ऐकून घ्यायचे.

"म्हणजे आम्ही सगळे कुणाच्या तरी पाठीमागे लपून बघणारे, असंच ना?" क्लॅरेन्स हाल्व्होर्सन विचारायचा. क्लॅरेन्सने शेत मुलाच्या नावावर केल्यापासून त्याला बोलण्याखेरीज काही कामच उरलं नव्हतं.

"तुला बघायला काय जातंय? पाहतोस ना फोटो शेवटपर्यंत?"

"पाहतो की. माझं डोकं सापडेपर्यंत पाहावाच लागतो."

ओरेस्टचा आणखी एक नियम होता, आणि तो मात्र थट्टेचा विषय नव्हता. बातमीचा फोटो काढताना तो कशालाही हात लावायचा नाही. जे जिथे आहे ते तिथेच राहणार, सरकायचं ते फोटोवाल्याने. म्हणून तो चिखलात पालथा पडायचा, ट्रकच्या टपावर चढायचा, गाईगुरांच्या पायांत बसायचा. एकसष्टाव्या वर्षी माणूस खाली पटकन बसतो पण उठत मात्र नाही, तेव्हा त्याची बायको व्हर्ना येऊन त्याला कॉलर धरून उभं करायची.

गावाला हा नियम अर्धाच कळला होता. ओरेस्टला पुढ्यात वस्तू लागतात एवढं गावाने पक्कं धरलं, आणि भली माणसं ती, मदतीला धावली. बर्फावर जड दगड सरकवायच्या खेळाची स्पर्धा होती, तेव्हा हार्वी पोचमन नावाच्या सद्‌गृहस्थाने स्वतःचे बूट काढून कॅमेऱ्यापुढे नीट मांडून ठेवले आणि गारठलेल्या मोज्यांवर उभा राहिला.

ओरेस्टने कॅमेरा खाली घेतला. "हे कुणी ठेवलं?"

"मी ठेवलं. तुला आवडतं म्हणून."

"उचल ते."

हार्वीने बूट उचलले. ओरेस्टने मान हलवली. "आता उचललेसही. आता काय काढू?"

"अरे, ठेवले तरी चालत नाही, उचलले तरी चालत नाही, मी हे बूट खाऊ का?"

त्यावर व्हर्ना एवढी हसली की हार्वीलाही हसू फुटलं, आजूबाजूचे सगळेच हसले. ओरेस्टने त्याच क्षणी बटण दाबलं, आणि तो फोटो पहिल्या पानावर छापून आला. हार्वी हातात बूट घेऊन खदखदतो आहे, मागे बर्फ, आणि डाव्या कोपऱ्यात कुणाचातरी धूसर खांदा.

त्या खांद्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. ओरेस्टनेही नाही.

व्हर्ना त्याच्याबरोबर सगळीकडे असायची ती हौसेने नव्हे. ओरेस्ट गाडी चालवताना रस्त्याकडे न बघता आभाळ, कोठारं आणि तारांवरचे पक्षी बघायचा. त्यापायी दोनदा गाडी चरात गेली होती. दुसऱ्या वेळी व्हर्नाने किल्ल्या काढून घेतल्या आणि परत दिल्या नाहीत. गाडी तीच चालवणार म्हटल्यावर मग नुसतं बसून काय करायचं, म्हणून फोटोतल्या लोकांची नावं विचारायचं कामही तिच्याकडे आलं. डावीकडून पहिला कोण, दुसरा कोण, कोणाच्या नावात कुठलं अक्षर दोनदा येतं, सगळं तिच्या डोक्यात. गावाचा पेपर बाकी कसाही असो, नाव चुकलं असं कधी झालं नाही.

ऑक्टोबर लागला, गहू कोठारात गेला, सकाळी गवतावर हिमाचा पांढरा थर दिसायला लागला, आणि गावाला टर्कीच्या जेवणाचे वेध लागले. दर वर्षी सुगी आटोपली, की सभागृहात अख्खं गाव जेवतं. भाजलेली टर्की, बटाटा भरलेल्या, करंजीसारख्या उकडलेल्या पेरोगी, कोबीच्या पानांत गुंडाळलेला भात, आणि जांभळी रानबोरं भरून भाजलेल्या गोड पाई. तीस वर्षं त्या मुदपाकखान्याचा ताबा व्हर्नाकडे होता. तिथे तिचा शब्द नगराध्यक्षांपेक्षा जास्त चालायचा, आणि हे नगराध्यक्षांनाही माहीत होतं, कारण एकदा त्यांनी भांड्यातून पेरोगी उचलली तेव्हा त्यांच्या बोटांवर डाव बसला होता.

जेवणाला आठवडा असताना सभागृह समितीची अध्यक्ष ॲडेलिन कोव्हाल्चुक ओरेस्टला पोस्टाच्या दारात गाठून म्हणाली, "इकडे ये. कुणाला बोलू नकोस."

"काय झालं?"

"यंदा व्हर्नाचा सत्कार करतोय. तीस वर्षं झाली. फलक देणार, केक कापणार, आणि दारातच तिचा एक मोठा फोटो लावणार. तिला कळता कामा नये. तू फक्त फोटो दे."

"देतो की."

"चेहरा दिसणारा हं, ओरेस्ट." ॲडेलिनने त्याच्या कोटाचं बटण धरून ठेवलं. "अख्खा चेहरा. दोन डोळे, एक नाक, हनुवटी. मधे फूलदाणी नको, माशाचं जाळं नको, घोडा नको."

"माझ्या बायकोचा फोटो माझ्याकडे नसेल का?" ओरेस्ट हसत म्हणाला. "ढिगाने असतील."

आणि घरी जाईपर्यंत त्याला खरंच तसं वाटत होतं.

घरी भिंतीवर लग्नाचा फोटो होता. तो काढला होता व्हर्नाच्या मामाने, आणि मामांनी त्या दिवशी जेवणाआधीच बरीच घेतली होती. फोटोत ओरेस्ट झकास आला होता, चर्चचा दरवाजा झकास आला होता, आणि नवरीच्या जागी मामांचा अंगठा आला होता. इतकी वर्षं तो अंगठा हा घरातला विनोद होता, पाहुण्यांना मुद्दाम दाखवायचा. आज मात्र ओरेस्टला त्यावर हसू आलं नाही. व्हर्नाच्या गाडीच्या परवान्यावर फोटो होता, पण त्यात ती नुकतीच बँक लुटून आल्यासारखी दिसत होती. मुलगी दूर कॅल्गरीत होती, तिच्याकडे विचारलं तर तिने नातवाचे चाळीस फोटो पाठवले. दोनांत आजीचा हात होता.

मग त्याने ठरवलं, नवा फोटो काढू. त्यात काय? हा काही बातमीचा फोटो नाही, इथे हवं ते हलवायला मुभा आहे. सकाळी व्हर्ना ओट्यापाशी कांदा चिरत होती. तो हळूच कॅमेरा घेऊन दारात उभा राहिला.

"तिथे काय करतोस?"

"काही नाही. इकडे बघ जरा."

"कांदा चिरतेय मी. डोळ्यांतून पाणी वाहतंय. कशाला बघू?"

दुपारी ती कपडे वाळत घालत होती, तर बरोबर चेहऱ्यापुढे चादर आली. संध्याकाळी जेवताना त्याने पुन्हा कॅमेरा उचलला, तेव्हा तिने तोंडापुढे हात धरला आणि घास गिळून म्हणाली, "म्हाताऱ्या, तुला बरं नाहीये का? तीस वर्षांत कधी सुचलं नाही ते आज तीनदा?"

"नवी लेन्स आहे," ओरेस्ट म्हणाला.

"नवी लेन्स? ती तर मागच्या नाताळात मीच दिली तुला."

ओरेस्टने मान खाली घालून जेवण संपवलं. त्याला आता नेमकी एकाच गोष्टीची भीती वाटत होती. फोटो नाही, हे ॲडेलिनला कळलं तर ती ओरडेल, गाव हसेल, ते सगळं चालण्यासारखं होतं. पण व्हर्नाला कळेल, की गावातल्या प्रत्येक गाढवाचा आणि प्रत्येक भोपळ्याचा फोटो काढणाऱ्या नवऱ्याकडे तिचा एकही नाही, हे त्याला सोसणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो पेपरच्या कचेरीत मागच्या खोलीत जाऊन बसला. संपादक आणि मालक एल्स्पेथ मॅकफेल दारात येऊन उभ्या राहिल्या. बाई पंच्याहत्तरीच्या, आणि अजून प्रत्येक ओळ स्वतः वाचणाऱ्या.

"काय शोधतोस?"

"व्हर्नाचा चेहरा."

"तो इथे सापडायचा नाही. नियम विसरलास?"

नियम ओरेस्टला माहीत होता. पेपरमधल्या माणसाच्या घरच्यांचा फोटो पेपरात छापायचा नाही. एल्स्पेथबाईंच्या आधीच्या संपादकाने आपल्या मुलीचं पियानोवादन एका वर्षात चार वेळा छापलं होतं, आणि तेव्हा गावाने पेपर घेणंच बंद केलं होतं. बाईंनी पेपर विकत घेतल्यावर पहिलं काम केलं ते हा नियम करण्याचं. ओरेस्ट तो इतका पाळायचा, की व्हर्ना चौकटीत आलीच तर तो नजर तिच्यावरून पलीकडे न्यायचा आणि पलीकडच्या माणसावर फोकस लावायचा.

त्याने जुन्या निगेटिव्हच्या पट्ट्या उजेडात धरायला सुरुवात केली. मग डबेच्या डबे, मग संगणकातले फोटो. चेहरा कुठेच नव्हता. पण तासाभराने त्याच्या लक्षात काहीतरी यायला लागलं, आणि एकदा आल्यावर ते नजरेआड होईना.

डाव्या कोपऱ्यात खांदा होता.

शाळेच्या नाटकात होता. पुराच्या वेळी वाळूची पोती रचणाऱ्यांच्या फोटोत होता. जुन्या धान्यकोठाराचा मनोरा पाडला तेव्हा रडणाऱ्या माणसांपुढे होता. आधी चौकड्यांचा कोट, मग तपकिरी, मग निळा. खांद्यावरचे केस आधी गडद, मग जरा फिकट, मग करडे. एका वर्षी त्या केसांवर लाल लोकरीची टोपी आली, ती पुढे दर हिवाळ्यात तीच. त्या खांद्याची मालकीण नेहमी डावीकडेच उभी असायची, कारण उजवीकडे उभी राहिली की त्याचं कोपर तिला लागायचं. ज्या फोटोंबद्दल शहरातल्या लोकांनी त्याला शाबासकी दिली होती, ज्यांत खोली आहे, ज्यांत आपण तिथे उभे आहोत असं वाटतं असं त्यांनी लिहिलं होतं, त्या प्रत्येकात ती होती. जिच्या आडून अख्खं गाव बघत होतं ती व्हर्ना होती.

आणि मग त्याला आणखी एक गोष्ट दिसली, जी त्याहून जास्त लागली. फोटोतली माणसं कॅमेऱ्याकडे बघत नव्हती. ती जराशी डावीकडे बघत होती. हार्वी बूट हातात घेऊन खदखदत होता तो तिच्याकडे बघून. कोठार पडताना म्हातारा डोळे पुसत होता तोही तिच्याकडे बघून, कारण तिने त्याला काहीतरी विचारलं होतं, बहुधा त्याचं नावच. ओरेस्टला लोक म्हणायचे, तुझ्या फोटोतली माणसं किती मोकळी असतात! तो मान डोलावून ते स्वतःच्या खाती जमा करायचा.

त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली. आणि बायकोची इतकी आठवण आली, की ती दोन रस्ते पलीकडे पेरोगी लाटत होती हे ठाऊक असूनही जीव कासावीस झाला.

तो उठला आणि थेट ॲडेलिनच्या घरी गेला. "फोटो नाहीये," त्याने सांगून टाकलं.

ॲडेलिनने कपाळाला हात लावला. "एकही नाही? मग दारात मी काय लावू? कोपर?"

"खांदे आहेत. खांदे हवे तेवढे आहेत."

"जेवणाच्या दिवशी काढ. व्यासपीठावर, दिव्याखाली. मी स्वतः बघते मधे काय येतं ते."

"तिला सांगू नका, एवढंच."

ॲडेलिनने व्हर्नाला सांगितलं नाही. बाकी सगळ्यांना सांगितलं.

जेवणाच्या दिवशी सभागृहाच्या दारात रिकामी चौकट उभी होती, तिच्यावर कागद चिकटवला होता: फोटो वाटेवर आहे. ओरेस्ट आत शिरला आणि थबकला. समोरच्या तीन रांगांतली टेबलं भिंतीला लावली होती. व्यासपीठापुढची फुलं काढली होती. माइकचा खांबही बाजूला नेला होता. व्यासपीठापासून त्याच्यापर्यंत मोकळी जमीन पसरली होती, आणि दोन्ही बाजूंना लोक भिंतीला चिकटून श्वास रोखून उभे होते, चुकून आपलं पोट मधे येऊ नये म्हणून.

"बघ!" क्लॅरेन्स लांबून ओरडला. "एक काडी ठेवली नाही तुझ्यापुढे!"

"क्लॅरेन्स, हात लावायचा नाही हे मी तुम्हाला..."

"ठेवलं तर ओरडतोस म्हणून उचललं. आता उचललं म्हणून ओरड."

लाइल यांनी व्हर्नाला मुदपाकखान्यातून बोलावून आणलं. ती डोक्यावर केसांची जाळी, हातात झारा, हनुवटीला पीठ अशा थाटात आली, आणि सगळं गाव टाळ्या वाजवतंय हे बघून तिने आश्चर्याचा जो अभिनय केला, तो शाळेच्या नाटकात कुणाला जमला नव्हता. केकची ऑर्डर बेकरीने तिच्याकडूनच खात्री करून घेतली होती. लाइल यांनी भाषण केलं. फलक दिला. व्हर्ना फलक छातीशी धरून दिव्याखाली ताठ उभी राहिली, शिक्षा झालेल्या मुलीसारखी. तीनशे माणसं तिच्याकडे बघत होती, आणि ओरेस्टने कॅमेरा उचलताच तिने डोळे मिटले.

"उघड," ॲडेलिन पुटपुटली.

व्हर्नाने डोळे उघडले. ते गरजेपेक्षा जास्त उघडले. ओरेस्टने फोटो काढला. चेहरा अख्खा होता, दोन डोळे, एक नाक, हनुवटी, सगळं जागच्या जागी. परवान्यावर होती तीच बाई, फक्त या वेळी बँक लुटताना पकडली गेलेली. ही व्हर्ना नव्हती. चौकटीत हाच फोटो लागणार, आणि गाव म्हणणार छान आलाय, हे ओरेस्टला कळून चुकलं.

"आता समितीचा घे!" लाइल म्हणाले. "आणि या खेपेला मला गळ्यापासून वर तरी दाखव बाबा."

समितीची मंडळी व्यासपीठावर चढली, आणि व्हर्ना तिथून सुटका झाल्यासारखी खाली उतरली. फलक कुणाच्या तरी हातात देऊन ती सवयीने चालत आली आणि ओरेस्टच्या डावीकडे उभी राहिली. तिला कुणी सांगितलं नव्हतं. ओरेस्टनेही बोलावलं नव्हतं.

"डावीकडून कोण?" तिने हाक दिली. "हार्वी, तू तिथे कुठे समितीत शिरलास?"

"खुर्च्या मी हलवल्या आज!"

"मग बूट घालून उभा राहा. लाइल, पोट आत. अहो, आणखी आत. हं, म्हणजे पेरोगी पोहोचल्या म्हणायच्या."

व्यासपीठावर हशा पिकला. ओरेस्टने डोळा कॅमेऱ्याला लावला. मागे समिती हसत होती, पुढे नेहमीच्या जागी खांदा होता, आणि त्या खांद्यावर आज जाळीतून सुटलेली एक करडी बट होती. त्याचं बोट तीस वर्षांच्या सवयीने फोकस मागे न्यायला लागलं. तेवढ्यात व्हर्नाने मान वळवली. सगळ्यांना हसवून झालं की ती तशी वळायचीच, तो तयार आहे ना बघायला. डोळ्यांत अजून ती चेष्टा शिल्लक होती, हनुवटीला पीठ होतं.

"झालं का रे, म्हाताऱ्या?"

ओरेस्टने लेन्सचं कडं उलट्या बाजूला फिरवलं. लाइल विरघळले, ॲडेलिन विरघळली, हार्वी आणि खुर्च्या आणि झेंडा सगळं मऊ धुक्यात गेलं, आणि त्या धुक्यापुढे एक चेहरा लखलखीत उभा राहिला. त्याने बटण दाबलं. कशालाही हात लावला नव्हता.

"झालं," तो म्हणाला. त्याचा आवाज एवढा विचित्र निघाला की तिने त्याच्याकडे जरा निरखून पाहिलं. मग रस्सा उतू जातोय असं कुणीतरी ओरडलं आणि ती धावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी एल्स्पेथबाईंनी तो फोटो पडद्यावर बराच वेळ बघितला. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला.

"घरच्यांचे फोटो छापत नाही आपण," त्या म्हणाल्या.

"माहीत आहे."

"सत्काराची बातमी मात्र आहे. गावाने तिला मान दिला, तुझ्या घराने नाही." बाईंनी पुन्हा वाकून पाहिलं. "ते मागे लाइल आहेत का?"

"असावेत."

"चिडतील."

"नाकापासून वर तरी कुठे ओळखू येताहेत? तक्रारीला जागाच नाही."

बाई हसल्या आणि कुरकुरत म्हणाल्या, "पहिल्या पानावर घे. आणि पुढच्या वेळी तिचं पियानोवादन घेऊन आलास तर हाकलून देईन."

गुरुवारी पेपर आला. हॉटेलात लाइल यांनी जाहीर केलं, की भोंग्याच्या वेळचा फोटो त्यांना आता आवडायला लागला आहे. ॲडेलिनने रिकाम्या चौकटीत पेपरचं ते पान लावून टाकलं, जेवण होऊन चार दिवस झाले होते तरी. आणि ओरेस्ट पेपरची घडी काखोटीला मारून घरी आला, ती टेबलावर ठेवली आणि उभाच राहिला.

व्हर्नाने हात पुसून पान उलगडलं.

"जाळी काढू द्यायची होतीस की रे."

"मी कशाला हात लावत नाही."

"पीठ आहे इथे."

"तेही होतं तिथेच."

तिने फोटोखालची ओळ वाचली. मागच्यांची नावं डावीकडून उजवीकडे तिनेच सोमवारी घडाघडा सांगितली होती. त्यांच्याआधी, सगळ्यांत पहिलं, एक नाव ओरेस्टने स्वतः घातलं होतं. त्यावर तिचं बोट थांबलं.

ओरेस्ट खुर्चीवर बसला. आता सांगायलाच हवं होतं. "व्हर्ना, मी जुने फोटो काढून बघितले. सगळे. तुझा चेहरा एकातही नाही. नुसता खांदा. तीस वर्षं मी तुला पुढे उभं केलं आणि तुझ्यावरून पलीकडे बघत राहिलो. मला दिसलंच नाही गं."

व्हर्नाने पेपरवरून नजर काढली नाही. "तुला दिसलं नसेल. मी तर दर गुरुवारी बघते."

"काय बघतेस?"

"कोपरा. पेपर आला की आधी डावा कोपरा बघते, आहे का मी म्हणून." तिने पानाच्या कडेवरून अंगठा फिरवला. "एल्स्पेथने पेपर रंगीत छापायला घेतला त्या वर्षी मी लाल टोपी आणली. तुला काय वाटलं, मला थंडी वाजत होती?"